मोहबोडीचा क्रुसेडर

सन्मानचिन्ह टीव्हीवर ठेवायचे की फ्रिजवर, यावर बापूराव खोब्रागडे आणि अंजनाबाई यांच्यात सकाळपासून खल चालला होता. टीव्ही भिंतीवरचा, चपटा. त्याच्यावर पाल सोडली तर दुसरे काही टिकत नसे. शेवटी अंजनाबाईंनी ते फ्रिजवर ठेवले, पदराने पुसले आणि जरा मागे सरून वाचले. त्यावर सोनेरी अक्षरांत कोरले होते, ‘क्रुसेडर सन्मान. श्री. बापूराव खोब्रागडे, मु. मोहबोडी.’ खाली नागपूरच्या कुठल्याशा मंचाचे नाव. संपले.

“क्रुसेडर म्हणजे काय हो?” अंजनाबाईंनी विचारले.

“सन्मान हाय एक.”

“ते मले बी दिसून राह्यलं. पण कायचा हाय?”

बापूरावांनी चिन्ह उचलून मागच्या बाजूने पाहिले. मागे काहीच लिहिलेले नव्हते. त्यांनी ते पुन्हा जागेवर ठेवले आणि हे असले प्रश्न विचारायला पाहिजेतच का, अशा चेहऱ्याने चहाचा कप उचलला.

बापूराव हे मोहबोडीचे निवृत्त पोस्टमन. लढाई, भांडण, वाद हे शब्द त्यांनी फक्त दुसऱ्यांच्या घरी ऐकले होते. पोस्टमनला गावातल्या प्रत्येक उंबऱ्यावर जावे लागते, आणि ज्याला प्रत्येक उंबऱ्यावर जायचे त्याने कोणाशीच वाकडे घेऊन चालत नाही, हे त्यांना नोकरीच्या पहिल्याच महिन्यात कळले होते. तेव्हापासून त्यांनी एक वाक्य पाठ केले: ‘बरोबर हाय तुमचं.’ सासूची मनीऑर्डर देताना सासूचे बरोबर असे, आणि मागच्या दाराने सुनेला माहेरचे पत्र देताना सुनेचे. या एका वाक्यावर त्यांनी उभी नोकरी काढली आणि गावभर चहा प्याले. असा चहा की पेन्शन सुरू झाली तरी तो थांबला नाही.

अशा माणसाला कोणी सन्मान दिला हे एक वेळ समजू शकते. पण कशाबद्दल दिला हे खुद्द त्यांनाही ठाऊक नव्हते. म्हणून त्यांनी अश्विनला फोन लावला. अश्विन हा त्यांच्या धाकट्या भावाचा मुलगा. तो नागपुरात त्याच मंचाच्या ऑफिसात कामाला होता, तेव्हा या प्रकरणात त्याचा हात असणार हे उघड होते. त्याने तो लपवलाही नाही. प्रत्येक तालुक्यातून एक नाव निवडायचे होते. ब्रह्मपुरी तालुक्याचे कोणतेही नाव निघाले की समितीतला कोणीतरी तोंड वाकडे करायचा; हा त्या पार्टीचा, तो त्या पार्टीचा, तिसऱ्यावर केस सुरू.

“मंग मी तुमचं नाव काढलं, मोठेबाबा,” अश्विन म्हणाला. “कोणीच काई बोललं नाई. एकमतानं पास.”

बापूरावांना बरे वाटले. पण अंजनाबाई शेजारीच उभ्या होत्या, म्हणून त्यांनी विचारले, “पण हे क्रुसेडर म्हणजे काय रे बावा?”

“एखाद्या गोष्टीसाठी लढते तो.”

“मी कोणत्या गोष्टीसाठी लढलो?”

तेवढ्यात पलीकडे अश्विनला कोणीतरी साहेब बोलावू लागले आणि फोन बंद झाला.

मोहबोडीत एखाद्याच्या घरी खोके आले की आत काय आहे हे त्याच्या आधी गावाला कळते. संध्याकाळपर्यंत ‘क्रुसेडर’ हा शब्द पानठेल्यावर, पिठाच्या गिरणीत आणि धानाच्या बांधावर निंदण करणाऱ्या बायांच्या रांगेत पोचला. कोणी म्हणाले ही सरकारी पोस्ट आहे. कोणी विचारले, मग शिक्का मिळतो का, दाखल्यावर चालेल का. एका म्हातारीने खास घरी येऊन चौकशी केली की बापूभाऊच्या सांगण्याने फॉरेस्टवाले वाघाला दुसरीकडे नेतील काय. विहारात वंदना झाल्यावरही विषय निघाला. तिथल्या जाणत्यांचे मत पडले की आपल्या माणसांनी लढाई पुस्तकाने केली, तलवारीने नाही. तरी शब्द लढणाऱ्याचा असेल तर बापूरावांना वापरू द्यायला हरकत नसावी. बापूराव म्हणाले, “बरोबर हाय तुमचं.”

उत्सुकता शेवटी साक्षीने भागवली. साक्षी ही बापूरावांची नात. तिचे आईबाप मूल गावच्या राइस मिलमध्ये कामाला होते आणि ती आजीआजोबांकडे राहून रोज सकाळच्या बसने ब्रह्मपुरीच्या कॉलेजात जात होती. तिने इंग्रजी शिकवणाऱ्या स्वाती मॅडमना गाठले, आणि मॅडमनी तास संपल्यावर थांबून सगळे समजावून सांगितले. फार पूर्वी युरोपातली माणसे अंगरख्यावर कापडाचा क्रूस शिवून एका दूरच्या पवित्र शहरासाठी लढायला निघत, ते क्रुसेडर. निघालेल्यांपैकी पुष्कळ जण वाटेतच संपत. पुढे ती युद्धे गेली आणि शब्द तेवढा राहिला. आता कोणी दारूबंदीसाठी, कोणी जंगलासाठी, कोणी शाळेसाठी जिवाला लावून घेऊन वर्षानुवर्षे झुंजला की पेपरवाले त्याला क्रुसेडर म्हणतात. मात्र तो शब्द वापरायची रीत आहे. क्रुसेडर नुसता नसतो. तो कशासाठी तरी असतो, नाहीतर कशाविरुद्ध तरी. आणि तो आपण आपल्याला म्हणवून घ्यायचा नसतो. कधीकधी लोक चेष्टेनेही म्हणतात, विशेषतः घरातले.

“हे शेवटचं बरं हाय,” अंजनाबाई म्हणाल्या.

बापूरावांचे मात्र मधल्या भागाशी अडले. “आन ज्याच्या विरुद्ध कोणीच नाई, तो?”

“तेही मी विचारलं, आबा. मॅडम म्हणाल्या, तो क्रुसेडर नाई, तो पाहुणा.”

बापूराव हसले; पण जेवताना हिशेब करू लागले. सन्मान परत करावा तर अश्विनची नोकरी, ठेवावा तर लढाई हवी. एवढ्या मोठ्या वयात लढाई आणायची कुठून?

ती आणायला त्यांना कुठे जावे लागले नाही. ती गावात आधीच होती, आणि त्यांच्या दोन्ही हातांना धरून उभी होती.

मोहबोडी हे गाव रस्त्याच्या कडेने लांबलचक पसरले आहे. एका टोकाला आखर, म्हणजे सकाळी गुरे गोळा होण्याची जागा. दुसऱ्या टोकाला बोडी, म्हणजे तलाव. मध्ये नाला, नाल्यावर रपटा, म्हणजे ठेंगणा पूल, आणि रपट्याला लागून बांबूची दाट रांजी. बस आखरावर थांबावी की बोडीवर, हे भांडण इतके जुने होते की ते सुरू केलेले लोक आता हयातही नव्हते. कधीकाळी प्रवासी निवाऱ्याचे सामान आले, तेव्हा तडजोड म्हणून ते वाटून घेण्यात आले. तेव्हापासून आखरावर चार खांब होते, छत नव्हते; बोडीवर बाकडे होते, खांब नव्हते. रपट्यावर काहीच नव्हते, कारण गेल्या हिवाळ्यात तिथे वाघ बसलेला दिसला होता, आणि त्याने दावा सांगितलेल्या जागेवर तिसरा पक्ष उभा राहायला तयार नव्हता.

आखरवाल्यांचे पुढारी दादाजी दोनाडकर, चांगल्या चार एकर धानाचे मालक. बोडीवाल्यांचा पुढारी पत्रू नागपुरे, तलावात मासे धरणाऱ्यांच्या सोसायटीचा अध्यक्ष. दोघे एकमेकांशी बोलत नसत. पण दोघे बापूरावांशी बोलत. दादाजीने चहा पाजून थांबा आखरावरच कसा योग्य आहे ते सांगितले की बापूराव म्हणत, बरोबर हाय तुमचं. पत्रूने तळलेला मासा समोर ठेवून बोडीची बाजू मांडली की तीही बरोबरच असे.

त्यातच आगारातून निरोप आला. एकाच गावात दोन ठिकाणी थांबून, दोन्हीकडची भांडणे ऐकून बसला रोज उशीर होतो. गुरुवारी साहेब स्वतः सकाळच्या बसमध्ये बसून येतील. गावाचा एकच थांबा ठरला तर ठीक. नाहीतर बस गावात येणारच नाही, बाहेरच्या फाट्यावरून परस्पर जाईल.

फाटा जंगलापलीकडे होता. साक्षी काही बोलायच्या आधीच अंजनाबाई म्हणाल्या, “फाट्यावर मी पोरीले एकटी पाठवत नाई. बस गेली तं कॉलेज गेलं.” त्यांचा स्वर रागाचा नव्हता, आणि म्हणूनच साक्षी घाबरली. ती दुसऱ्या वर्षाला होती आणि तिला मधेच थांबायचे नव्हते.

इकडे गावाने क्रुसेडरचा अर्थ आपापल्या परीने पुरा केला. क्रुसेडर कशासाठी तरी लढतो; बापूरावांना तो सन्मान मिळालाय; म्हणजे बापूराव आतून लढत असलेच पाहिजेत. कशासाठी? दादाजींना यात शंका नव्हती. इतकी वर्षे आपल्या ओसरीवर बसून बापूभाऊ काय म्हणत आले? पत्रूलाही नव्हती. नागपूरपर्यंत बोडीची बाजू पोचली याचे त्याला कौतुक वाटले. साहेब यायच्या आत क्रुसेडरचे नाव थांब्यावर झळकले पाहिजे असे दोघांनी स्वतंत्रपणे ठरवले आणि दोघेही वेगवेगळ्या दिवशी ब्रह्मपुरीच्या एकाच फ्लेक्सवाल्याकडे गेले. फ्लेक्सवाल्याने एकदा बनवलेला नमुना दुसऱ्यांदा वापरला. वर बापूरावांचा पेन्शनच्या कार्डावरचा फोटो, खाली तेच ‘क्रुसेडर बापूभाऊ यांचे हार्दिक अभिनंदन’. फरक फक्त शेवटच्या ओळीत. एकावर ‘बस थांबा आखरावरच’ आणि दुसऱ्यावर ‘बस थांबा बोडीवरच’. दोन्ही गुंडाळ्या बुधवारच्या संध्याकाळच्या बसने आल्या. कंडक्टरने वरचे ‘बापूभाऊ’ एवढेच वाचले आणि हाताला आली ती गुंडाळी आखरावर दिली, उरली ती बोडीवर.

फ्लेक्स आधी बांधायचा आणि मग वाचायचा, ही सगळीकडचीच रीत. आखराच्या चार बोडक्या खांबांना तो ताणून बांधला, फटाक्याची माळ लावली, आणि मग दादाजींनी चष्मा चढवून शेवटची ओळ मोठ्याने वाचली: ‘बस थांबा बोडीवरच’. बोडीवर त्याच सुमारास ‘आखरावरच’ वाचताना पत्रूचा आवाज बसला.

थोड्याच वेळात दोन्ही टोकांकडून दोन घोळके बापूरावांच्या मधल्या आळीतल्या घरी आले. दादाजी आणि पत्रू एका अंगणात उभे आहेत हे दृश्य पाहायला शेजारचेही जमले. अंजनाबाईंनी मोठे पातेले चुलीवर ठेवले.

“बापूभाऊ,” दादाजी म्हणाले, “एकच सांगा. तुमी कोनाकडून हाव?”

“तुमचं बरोबर हाय, दादाजी.”

“मंग माहं?” पत्रूने विचारले.

“तुयं बी बरोबरच हाय न बावा.”

इतकी वर्षे हे वाक्य वेगवेगळ्या ओसऱ्यांवर वापरले गेले होते. एकाच अंगणात, एका दमात ते कधीच बाहेर पडले नव्हते, आणि पडल्यावर ते किती पोकळ वाजते हे सगळ्यांबरोबर बापूरावांनाही त्याच वेळी ऐकू आले. दादाजींनी ट्रेमधला कप परत ठेवला. पत्रूने तर उचललाच नाही. जाताना दोघांनी, बोलत नसूनही, एकच गोष्ट सांगितली: सकाळी आमच्या थांब्यावर पाय ठेवायचा नाही. पातेलेभर चहा तसाच राहिला. बापूरावांना फार वाईट वाटले. चहाचे नव्हे, गावात प्रथमच कोणीतरी त्यांच्या दारातून उठून गेले होते.

साक्षीने कप गोळा केले. आत जाता जाता ती थांबली.

“आबा, तुमचं हे ‘बरोबर हाय’च माही बस घालवून राह्यलं.”

बापूराव ‘बरोबर हाय तुयं’ म्हणणार होते. ते त्यांनी कसेबसे गिळले.

गुरुवारी सकाळी ते लवकर उठले. साहेबांना भेटायचे आणि पोरीची बस वाचवायची, एवढे ठरले होते; पण भेटायचे कुठे? आखरावर जायची बंदी, बोडीवर जायची बंदी. रस्ता सरकारी असला तरी मोहबोडीत त्याची दोनच टोके वापरात होती. तेव्हा त्यांना मधल्या आळीतून रपट्याकडे उतरणारी जुनी पायवाट आठवली. वाघ दिसल्यापासून तिच्यावरून कोणी गेले नव्हते आणि गवत कमरेपर्यंत वाढले होते. बापूरावांनी तेलाचा रिकामा डबा आणि काठी घेतली. जनावर असेल तर आवाजाने जावे म्हणून ते डबा बडवत निघाले. अंजनाबाईंना त्यांनी आपण विहाराकडे जात असल्याचे सांगितले. आयुष्यात पहिल्यांदाच ते बायकोशी खोटे बोलले, आणि तेही धडपणे जमले नाही. विहाराकडे कोणी डबा घेऊन जात नाही.

रपट्यावर ते एकटेच उभे राहिले. बांबूच्या रांजीत काहीतरी खसपसले. घूस असेल, असे त्यांनी स्वतःला सांगितले आणि डबा जोरात बडवला. पुन्हा खसपसले. बापूराव रस्त्याच्या कडेचे रस्त्याच्या मधोमध आले, कारण तिथून बांबू दोन हात लांब पडत होता. क्रुसेडर वाटेतच का संपत ते त्यांना नीट समजू लागले.

तिकडे बस आतल्या गावांकडून बोडीवर आली. साहेब पुढच्या सीटवर होते. त्यांनी ड्रायव्हरला बजावून ठेवले होते की आज कुठेच थांबायचे नाही, गाव आधी डोळ्यांनी पाहू. त्यामुळे पत्रू हार घेऊन पुढे आला आणि बस त्याच्यासमोरून निघून गेली. हार तसाच हातात धरून बोडीवाले बसच्या मागे धावले. साक्षीही त्यांच्यातच होती. आजीने तिला बस गाठायला त्या बाजूला पाठवले होते.

बस वळणावरून रपट्यावर आली तर रस्त्याच्या मधोमध एक म्हातारा जिवाच्या आकांताने डबा बडवत उभा. या भागातल्या ड्रायव्हरला अशा वेळी कोणी काही सांगावे लागत नाही. त्याने करकचून ब्रेक दाबला आणि काच अर्धी वर करून फटीतून विचारले,

“वाघ हाय का, काका?”

सगळी बस खिडक्यांना लागली. साहेब जागेवरून अर्धे उठले आणि पुन्हा बसले. बापूरावांनी डबा खाली ठेवला. आतापर्यंत कोणी काही विचारले की त्यांच्या तोंडून होकार आपोआप निघत असे. या वेळी तो निघाला असता, तर बस तिथून पळाली असती.

“नाई,” ते म्हणाले.

तो शब्द उच्चारायला त्यांना वाटले होते तेवढा त्रास झाला नाही. आत कुठेतरी एखादी खिडकी उघडल्यासारखे वाटले. साहेब धीर करून खाली उतरले.

“मग थांबवलीत कशाला? तुम्ही आखरवाले का?”

“नाई.”

“बोडीवाले?”

“नाई.”

“मग पाहिजे काय तुम्हाला?”

“थांबा इथीच पायजे, साहेब. रपट्यावर.”

हे त्यांनी आधी ठरवलेले नव्हते. पण एकदा तोंडातून गेल्यावर त्यांना ते इतके पटले की आपण हे आजवर कसे बोललो नाही याचेच आश्चर्य वाटले. साहेबांनी इकडेतिकडे पाहिले. खांब नाही, बाकडे नाही, घर नाही, माणूस नाही. इथे बस धरायला येणार कोण, असे ते विचारणार, तेवढ्यात मागून बोडीवाले हार घेऊन धापा टाकत पोचले. समोरून आखरवाले आले. बस अलीकडेच थांबलेली पाहून त्यांना राहवले नव्हते. दोन्ही घोळके रपट्याच्या दोन्ही तोंडांशी एकाच वेळी येऊन उभे राहिले. बापूराव काय म्हणाले ते ड्रायव्हरने त्यांना सांगितले.

एकच कल्लोळ उठला. इथे वाघ आहे, इथे सावली नाही, इथे पावसात चिखल होतो, या माणसाला विचारतो कोण. दादाजी एक वाक्य बोलत आणि पत्रू त्याच्या पुढचे बोलत होता. आणि आपण एकमेकांची वाक्ये पुरी करतोय हे दोघांच्याही लक्षात आले नाही.

“तुम्हा सगळ्यांचा विरोध आहे?” साहेबांनी विचारले.

“सगळ्यायचा,” दादाजी आणि पत्रू एका सुरात म्हणाले.

साहेब बापूरावांकडे वळले. “सगळं गाव विरुद्ध आहे, काका. बदलता का?”

बापूरावांनी पाहिले. ज्यांच्या घरी ते चहा प्याले होते ती सगळी माणसे समोर होती आणि एकही चेहरा गोड नव्हता. पत्रूच्या मागे साक्षी उभी होती, छातीशी पुस्तके धरून. तिने मान हलवली नाही, डोळ्यांनी खुणावलेही नाही. फक्त बघत होती.

“नाई,” बापूराव म्हणाले. “त्यायचं त्यायच्या जागी असन बरोबर. पण थांबा इथीच.”

साहेबांनी आयुष्यात शेकडो गावांची भांडणे ऐकली असतील. त्यांनी हिशेब सोपा केला. आखरावर थांबा दिला तर बोडी रोज भांडणार, बोडीवर दिला तर आखर. इथे दोन्हीकडचे चालत येऊ शकतात, हे तर ते आता डोळ्यांनीच पाहत होते. राहता राहिला वाघ. तो विषय त्यांनी ड्रायव्हरच्या कानात काढला.

“एवढ्या गलक्यात तो कायले येते, साहेब,” ड्रायव्हर म्हणाला. “मीच नसतो आलो.”

साहेबांनी निकाल दिला. थांबा रपट्यावर, बांबू साफ करून घ्यायचे साहेब स्वतः बघतील, ज्यांना तक्रार करायची त्यांनी आगारात लेखी द्यावी. साक्षी बसमध्ये चढली. खिडकीतून तिने आजोबांकडे पाहून हात केला, आणि बापूरावांना एकदम भरून आले. बस निघून गेली. मागे राहिलेले गाव त्यांच्या अंगावर जितके ओरडता येईल तितके ओरडले. पत्रूने हार तिथेच नाल्यात फेकला. एवढ्या शिव्या बापूरावांनी उभ्या आयुष्यात खाल्ल्या नव्हत्या. आणि तरी घरी येताना पावलात काहीतरी नवे होते, हे अंजनाबाईंनी दारातूनच ओळखले. विहारात एवढा वेळ काय करत होता, एवढेच त्यांनी विचारले.

दिवसभर कोणी फिरकले नाही. संध्याकाळी साक्षी कॉलेजातून परतली, आणि तिच्या मागोमाग अंगणात एक मोटरसायकल येऊन थांबली. चालवत होते दादाजी. मागे पत्रू बसला होता.

बापूराव उठून उभे राहिले. अंजनाबाई चुलीकडे गेल्या नाहीत. आधी काय होते ते पाहू, अशा बेताने दारातच राहिल्या.

“बापूभाऊ, आमी सांगाले आलो,” दादाजी म्हणाले. “आमची एक समिती झाली. रपटा थांबा विरोधी कृती समिती. मी अध्यक्ष, पत्रू सचिव.”

“दोघं मिळून?” अंजनाबाईंनी विचारले.

“प्रसंगच तसा हाय, बाई. हा अन्याय आमी होऊ देणार नाई. उद्या सकाळी सारं गाव रपट्यावर येते. निषेध करू. मंग तिथूनच बस धरू आन आगारात जाऊन लेखी देऊ.”

“बस रपट्यावरूनच धरणार?” साक्षीने विचारले.

दादाजींनी चष्मा पुसला. “दुसरीकडं आता थांबते कुठी ते?”

“आन एका दिवसानं काई होत नाई,” पत्रूने भर घातली. “आगारवाले चकरा माराले लावतेत. रोज जावं लागन. पंधरा-वीस माणूस तं रोज पायजेच.”

रोज पंधरा-वीस माणसे. एवढे प्रवासी मोहबोडीतून त्या बसला आजवर कधी मिळाले नव्हते. साक्षीने आजीकडे पाहिले, आजीने तिच्याकडे, आणि मग अंजनाबाई चहा ठेवायला आत गेल्या. पाहुणे बसले. कप आले. निषेधाच्या घोषणा काय असाव्यात यावर दादाजी आणि पत्रू यांच्यात मतभेद झाला, पण तो सभ्यपणे झाला.

निघताना पत्रू पुन्हा मागे वळला. त्याच्या चेहऱ्यावर काळजी होती.

“बापूभाऊ, तुमी सकाळी येजा मात्र. नाई तं असं कराल, घरी बसान. तुमी नाई आले तं आमी विरोध कोनाचा कराव?”

दुसऱ्या दिवशी बापूराव सगळ्यांच्या आधी रपट्यावर जाऊन उभे राहिले. बस यायची वेळ जवळ येऊ लागली तरी कोणी दिसेना, तेव्हा त्यांच्या जिवाची घालमेल झाली. शेवटी दोन्ही बाजूंनी घोषणा ऐकू आल्या आणि त्यांना हायसे वाटले. दादाजींच्या लोकांना चालताना दम लागत होता, म्हणून विरोध सुरू व्हायच्या आधी बापूरावांनी सगळ्यांना रपट्याच्या कठड्यावर नीट जागा करून दिली.